धावत्या पायाचा वर्षावास

आपल्या माणसांना धावणे नवे नाही. पहिल्या पाळीची बस चुकू नये म्हणून बाप धावला. नळाचे पाणी जायच्या आत हंडा भरावा म्हणून आई धावली. पण अंगाला बरे वाटावे, मन मोकळे व्हावे, एवढ्याच कारणासाठी सकाळी बूट बांधून धावायला निघावे, ही गोष्ट आपल्या वस्त्यांत अजून नवीनच आहे. म्हणूनच धावणाऱ्याचा पाय दुखावला तर काय करावे, हेही आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. आम्हालाही नव्हते. गेल्या वर्षी ते आम्ही स्वतःच्या पायावर शिकलो. तो अनुभव वाचकांच्या उपयोगी पडावा म्हणून हा लेख.

आम्ही कोळगावला धावतो. पालघरहून बोईसरकडे जाताना हे गाव लागते. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला आणि २०२१ साली जिल्ह्याचे मुख्यालय कोळगावच्या नव्या इमारतींत आले. त्या बाजूच्या रुंद रस्त्यांवर पहाटे रहदारी कमी असते. कोणी पोलीस भरतीची तयारी करीत असतो, कोणी डॉक्टरांनी साखर सांगितली म्हणून चालत असतो, तर कोणी आमच्यासारखा तारापूर एमआयडीसीतला पाळीवाला. दुसरी पाळी असली की सकाळ आपली असते. चार किलोमीटर धावून घरी यावे, आंघोळ करावी, चहा घ्यावा, आणि दिवसभर अंग हलके वाटावे, असा आमचा दोन वर्षांचा क्रम होता.

दुखण्याकडे काणाडोळा

मे महिन्यात मित्रांनी टूम काढली की, डिसेंबरात वसई-विरारच्या मॅरेथॉनला जायचे. २०११ साली सुरू झालेली ही शर्यत आपल्या जिल्ह्यातली मोठी शर्यत. तिथली २१ किलोमीटरची अर्धी मॅरेथॉन धावायची असे ठरले. आम्ही उत्साहाच्या भरात पंधरा-वीस दिवसांत चाराचे दहा किलोमीटर केले. बूट मात्र जुनेच, टाचेखाली झिजून सपाट झालेले. सकाळी धावायचे आणि दुपारपासून पोलादी टोपीचे सेफ्टी बूट घालून सिमेंटच्या लादीवर आठ तास उभे राहायचे.

जूनच्या मध्यावर उजव्या पायाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या मागे, दुखू लागले. सुरुवातीला धावताना दुखायचे आणि बसले की थांबायचे. मग पाळी संपेपर्यंत ठणकू लागले. संध्याकाळी बूट काढला की पाय सुजलेला दिसे. आम्ही बाम लावला आणि दुकानातून वेदनाशामक गोळी आणून खाल्ली. गोळीने दुखणे दबले, म्हणून पुन्हा धावलो! असे दहा दिवस केले. शेजारच्या एकांनी सल्ला दिला, "नस चढली असेल, चोळून घे." चोळून घेतल्यावर त्या रात्री झोप लागली नाही.

आईने ते पाहिले. ती म्हणाली, "अरे, पाय तुझ्या एकट्याचा आहे का? हे घर त्याच्यावर उभं आहे. उद्या डॉक्टरकडे गेल्याशिवाय कामावर जायचं नाही."

हाडाला बारीक तडा

डॉक्टरांनी बोटाने पायावरची एकेक जागा दाबून पाहिली. एका ठिकाणी बोट टेकताच आम्ही ओरडलो. मग त्यांनी विचारले,

"आधी किती धावत होता?"

"चार किलोमीटर."

"आणि आता?"

"दहा."

"किती दिवसांत वाढवले?"

"पंधरा-वीस."

"मग हाडाला विचारले होते का?"

एक्स-रे काढला, त्यात काही दिसले नाही. आम्हाला आनंद झाला. पण डॉक्टर म्हणाले, "आनंद मानू नका. अशा दुखण्यात पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. तडा आहे असे समजूनच वागायचे." तीन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढला तेव्हा दुसऱ्या बोटाच्या मागच्या लांब हाडावर नवे हाड धरू लागल्याची खूण दिसली. तडा होता आणि तो भरू लागला होता.

या दुखण्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. पडल्याने किंवा आपटल्याने हाड एकदम मोडते, तसे हे नव्हे. पायाच्या एका पंजात २६ हाडे असतात. धावताना प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. त्या भाराने हाड सूक्ष्म प्रमाणात झिजते आणि शरीर त्याची डागडुजी करते. पण डागडुजीची रीत अशी की, आधी खराब भाग काढायचा आणि मग नवा भरायचा. भिंत पाडून ठेवली आणि नवी उभी राहण्याआधीच वर माळा चढवला तर काय होईल? आमच्या पायाचे तेच झाले.

हे दुखणे प्रथम सैनिकांत ओळखले गेले. १८५५ साली ब्राइटहॉप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी लांबच्या कवायतीनंतर शिपायांचे पाय सुजतात, याची नोंद केली. तेव्हा एक्स-रेचा शोधही लागला नव्हता. तो १८९५ साली लागला. शिपायांत आढळले म्हणून याला मार्च फ्रॅक्चर असेही नाव पडले. महार रेजिमेंटमध्ये नोकरी केलेली माणसे आपल्या कितीतरी घरांत आहेत. त्यांना रूट मार्च म्हणजे काय आणि त्यानंतर पाय कसे होतात, हे वेगळे सांगायला नको.

रोजी की विश्रांती?

डॉक्टरांनी सहा आठवडे धावणे बंद सांगितले. कडक तळव्याचा बूट घालून गरजेपुरते चालायचे, बसताना पाय उशीवर ठेवायचा, सूज असेपर्यंत फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा मिनिटे शेकायचे आणि कामावर उभे राहायचे नाही. यातले शेवटचे ऐकून आमच्या पोटात गोळा आला. आम्ही कंत्राटी. हजेरी नाही तर पगार नाही. डॉक्टर लोक विश्रांती लिहून देतात, पण ती परवडणार कशी?

इथे आमच्या मदतीला ईएसआयचे कार्ड आले. कित्येक कंत्राटी कामगारांना वाटते की, ईएसआय म्हणजे फक्त कंपनीत अपघात झाला तर. तसे नाही. नियमांत बसणारा कामगार आजारी पडला आणि डॉक्टरांनी तसा दाखला दिला, तर आजारपणाच्या दिवसांसाठी मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते आणि वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. पाय धावताना दुखावला तर धावतानाच दुखावला असे खरे सांगावे. कंपनीत दुखावला असे खोटे सांगण्याची गरज नाही. आम्ही दोन आठवडे घरी राहिलो. पुढे सुपरवायझरना दाखला दाखवून बसून करायचे पॅकिंगचे काम मागून घेतले. मागायला संकोच वाटला, पण मागितले म्हणूनच मिळाले.

या योजनेचा पाया घातला गेला तेव्हा परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४२ ते १९४६ हा तो काळ. कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल प्रा. अडारकरांनी १९४४ साली दिला आणि कायदा १९४८ साली झाला. १९४६ साली कारखान्यातले आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले, ते विधेयकही बाबासाहेबांच्याच खात्याचे. आम्हाला शेजारी म्हणाले होते, "कंपनीत आठ तास उभा राहतोस ते कमी पडते का? धावणे म्हणजे मोठ्या लोकांचे चोचले." त्यांना आमचे सांगणे असे की, कामगाराच्या दिवसातून जो वेळ वाचवला गेला तो फक्त झोपण्यासाठी नव्हता. त्या वेळेत माणसाने वाचावे, मुलांशी बोलावे, आणि वाटले तर धावावेही. ज्या पायांना एकेकाळी गावातून चप्पल घालून चालायची बंदी होती, ते पाय आज बूट घालून स्वतःच्या आनंदासाठी धावतात. याला आम्ही चोचले म्हणणार नाही. मात्र हे पाय फुकटचे नाहीत, ही जाणीवही ठेवली पाहिजे.

सोण स्थविरांची गोष्ट

आमचे धावणे बंद झाले आणि आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. पावसाळ्यात कोवळे गवत आणि लहान जीव पायाखाली येऊ नयेत म्हणून भगवान बुद्धांनी भिक्खूंना तीन महिने भटकंती थांबवून एका ठिकाणी राहायला सांगितले. वर्षभर पायी चालणारा संघ पावसाळ्यात थांबतो. आमच्या मनात आले, चला, आपल्या पायाचाही हा वर्षावासच!

विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चाले. एरवी पाळीचे कारण सांगून आम्ही टाळत असू; त्या दोन आठवड्यांत रोज गेलो. भिंतीला टेकून, पाय लांब करून बसायची परवानगी मिळाली. एका रविवारी भन्तेजींनी आमच्या पायाकडे पाहून विचारपूस केली आणि विनयपिटकातली सोण कोळिवीस यांची गोष्ट सांगितली.

सोण हे चंपानगरीच्या श्रीमंत घरातले. इतके सुखात वाढलेले की, त्यांच्या तळपायांवर केस उगवले होते. भिक्खू झाल्यावर राजगृहाजवळच्या शीतवनात त्यांनी चंक्रमण सुरू केले, म्हणजे ठरलेल्या वाटेवर ध्यानपूर्वक ये-जा करायची. पण त्यांनी ते इतके ताणले की, तळपाय फाटले आणि ती वाट रक्ताने माखली. एवढे करूनही मनासारखे फळ मिळेना, म्हणून संघ सोडून घरी जावे असा विचार त्यांच्या मनात आला. तेव्हा तथागत त्यांच्याकडे गेले. त्यांनी सोणांना रागावले नाही, विचारले एवढेच की, तू वीणा वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर ती नीट वाजायची का? नाही. फार सैल सोडल्या तर? तरीही नाही. मग समप्रमाणात लावल्या की वाजायची? होय. श्रमाचेही तसेच आहे, असे तथागतांनी समजावले. अति श्रमाने मन अस्वस्थ होते, कमी श्रमाने आळस येतो. दोन्हींच्या मधला मेळ साधायचा.

गोष्टीचा पुढचा भाग आम्हाला अधिक भावला. सोणांचे पाय कोमल म्हणून तथागतांनी त्यांना पादत्राण वापरायची अनुमती दिली. सोण म्हणाले, मला एकट्याला नको. साऱ्या संघाला मिळणार असेल तर मीही वापरीन. तेव्हा तथागतांनी सर्व भिक्खूंना एका तळव्याचे पादत्राण वापरायची मोकळीक दिली.

अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट ऐकताना आम्ही आमच्या सुजलेल्या पायाकडे पाहत होतो. आम्ही तार ताणली होती हे तर खरेच. पण दुसरेही मनात आले. कारखान्यात कायम कामगाराला वेळेवर नवा बूट मिळावा आणि त्याच लादीवर उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराने फाटक्यात दिवस काढावेत, हे सोण स्थविरांनी मान्य केले नसते. कामावर परतल्यावर आम्ही सहा जणांनी मिळून बुटांचा अर्ज दिला. एकट्याचा अर्ज एकट्यासाठी राहिला असता.

घरचे उपचार, घरचे अन्न

या काळात पत्नीने स्वयंपाकात थोडा बदल केला. जव्हार-मोखाड्याकडची नाचणी आपल्याला सहज मिळते. तिच्यात कॅल्शियम भरपूर असते. रोज एक वेळ नाचणीची भाकरी, आठवड्यातून तीनदा अंडी, आणि सातपाटी-मुरब्याच्या बाजारातली सुकट. काट्यासकट खाल्ली जाणारी छोटी मासळी हाडाला चांगली. ऊन पडेल तेव्हा अर्धा तास अंगणात बसणे. आम्ही विडी ओढत नाही, पण ओढणाऱ्याने या काळात तरी सोडावीच, कारण धूम्रपानाने हाड भरायला उशीर लागतो. पंचशीलाचे पाचवे शील पाळणाऱ्याला हे जड जाऊ नये.

पहिले दोन आठवडे झाल्यावर डॉक्टरांनी बसून करायचे व्यायाम दिले. जमिनीवर रुमाल पसरून पायाच्या बोटांनी तो जवळ ओढायचा. घोटा हळूहळू गोल फिरवायचा. सहा आठवड्यांनी भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा उचलायच्या, आणि तेही दुखले नाही तर पुढे एकाच पायावर. आमची धाकटी मुलगी शेजारी बसून आमच्याबरोबर रुमाल ओढायची. तिचा रुमाल नेहमी आधी यायचा.

पुन्हा रस्त्यावर

ऑगस्टच्या मध्यावर पाय दाबून दुखेना. डॉक्टरांनी आधी फक्त चालायला सांगितले. सपाट रस्त्यावर अर्धा तास, सलग काही दिवस, न दुखता. ते जमल्यावर एक मिनिट धावायचे आणि चार मिनिटे चालायचे, असे पाच वेळा, आणि तेही एक दिवसाआड.

पहिल्या दिवशी कोळगावच्या रस्त्यावर आम्ही एक मिनिट धावलो आणि थांबलो. भरतीची पोरे शेजारून सुसाट गेली. एकाने विचारलेही, "काका, दमलात का?" खरे सांगतो, लाज वाटली. पूर्वीचा हट्ट असता तर त्याच्यामागे धावलो असतो. पण वीणेची तार आठवली आणि चार मिनिटे चाललो.

नियम एकच होता. धावताना दुखता कामा नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पहिले पाऊल टाकतानाही दुखता कामा नये. दुखले नाही तर पुढच्या आठवड्यात एखादे मिनिट वाढवायचे. त्याच जागी दुखले तर थांबायचे आणि एक पायरी मागे यायचे. सप्टेंबरात एकदा दुखले आणि आम्ही आठ दिवस पुन्हा नुसते चाललो. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला तेव्हा आम्ही न थांबता दोन किलोमीटर धावू शकत होतो.

मॅरेथॉनला आम्ही नाव दिले नाही. मित्र वाईट वाटून घेऊ लागले, तेव्हा आम्ही सांगितले की, आमची शर्यत ६ डिसेंबरला आहे. त्या दिवशी डहाणू लोकलने विरार आणि विरारहून दादर असे आम्ही सहकुटुंब गेलो. चैत्यभूमीच्या रांगेत कित्येक तास उभे राहिलो, पाऊलभर सरकत राहिलो. आई बरोबर होती. तिने दोनदा विचारले, "पाय दुखतोय का?" पाय दुखला नाही. जूनमध्ये आम्ही अजून थोडे दिवस हट्ट केला असता, तर त्या रांगेत आमची जागा नसती.

भरतीच्या मुलामुलींसाठी दोन शब्द

पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. जाहिरात निघाली की आपली मुले एकदम जोर करतात. अर्धपोटी आणि फाटक्या बुटांत. आईवडिलांनी लक्ष ठेवावे. बोट ठेवल्यावर हाडाच्या एकाच जागी दुखत असेल, सूज असेल, चार पावलेही टाकवत नसतील, तर चोळू नये, ओढू नये, डॉक्टरांना दाखवावे. मुलींची पाळी या काळात अनियमित झाली तर ती पोट पुरेसे भरत नसल्याची खूण असू शकते; तसे असताना हाडे लवकर दगा देतात. घरी कोणाला मधुमेह असेल तर त्याच्या पायाची लहानशी जखमही अंगावर काढू नये. आणि गोळी खाऊन दुखणे दाबून कोणीही धावू नये. दुखणे हा शरीराचा निरोप आहे. तो वाचल्याशिवाय फाडायचा नसतो.

आज आम्ही आठवड्यातून तीन दिवस, पाच किलोमीटर धावतो. अर्ध्या मॅरेथॉनचे अजून ठरवलेले नाही. कोळगावच्या रस्त्यावर कोणी लंगडत धावताना दिसला की आम्ही त्याला थांबवतो आणि सोण स्थविरांची गोष्ट सांगतो. काही जण ऐकतात, काही पुढे निघून जातात. आम्हीही जूनमध्ये पुढेच निघून गेलो होतो, म्हणून रागावत नाही. वाचकांपैकी कोणाचा पाय दुखत असेल तर त्यांनी मात्र हा अंक बाजूला ठेवून उद्या सकाळी डॉक्टरकडे जावे, एवढीच विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!